बालकांच्या पित्तनलिकेची गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया



यकृतात तयार होणारे पित्त एका बारीक नलिकेतून आतड्यात उतरते. क्वचित एखाद्या बालकात ही नलिका जन्मतःच फुगून पिशवीसारखी होते. वैद्यकशास्त्र तिला ‘कोलेडोकल सिस्ट’ म्हणते. पाश्चात्य देशांत लाख-दीड लाख जन्मांमागे असे एखादे बाळ आढळते. आशियात प्रमाण अधिक, आणि मुलींमध्ये मुलांच्या तीन-चार पट.

पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली गाठ ही तिची लक्षणे. परंतु तिन्ही एकत्र थोड्याच मुलांत दिसतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घोटाळा होतो तो येथेच. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर सिकलसेल आहे, आणि त्या आजारातही डोळे पिवळे होतात. शिवाय कावीळ उतरविणारा जाणकार आधी गाठला जातो. चार दिवसांत पिवळेपणा आपोआप ओसरतो, सर्वांना वाटते गुण आला. गाठ मात्र आत तशीच राहते. पुढे जंतुसंसर्ग, खडे, स्वादुपिंडाचा दाह आणि मोठेपणी कर्करोगाचीही भीती असते.

म्हणूनच गाठ तशीच ठेवून आतड्याला जोडण्याची जुनी रीत मागे पडली. आता ती समूळ काढून लहान आतडे वर नेऊन यकृताकडील नलिकेस जोडतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९९५ मध्ये इटलीत सहा वर्षांच्या मुलीची पित्तनलिकेची गाठ त्याच मार्गाने काढल्याची नोंद झाली. पोटावर चार बारीक छिद्रे, आणि आत काही मिलीमीटर रुंद नलिकेला विरघळणाऱ्या धाग्याची शिवण! कसबी कारागिरानेही हात जोडावेत. वेदना कमी, व्रण लहान. मात्र येथे यंत्रापेक्षा अनुभवी हात महत्त्वाचा. अडचण आल्यास पोट उघडावे लागते, आणि तो पराभव नव्हे.

खर्चाच्या धास्तीने कोणी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो. लग्नाच्या बस्त्यासाठी पाड्यांवरून येणाऱ्या कुटुंबांशी आपला व्यापारी वर्ग बोलतोच. तेथे एवढे सांगता येईल की वारंवार कावीळ होणाऱ्या मुलाच्या पोटाची सोनोग्राफी करावी. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शौच पांढरट होत असेल, तर एक दिवसही दवडू नये. कारण पित्तनलिका जन्मतः बंद असण्याचा आजारही तसाच दिसतो, आणि त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.