मानाचे नाणे पाडता येईल काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी कार्यकारिणीपुढे मांडलेल्या एका सूचनेवर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा आहे. सूचना थोडक्यात अशी: जो सभासद समाजाची सेवा करील त्याच्या नावावर ‘मान’ जमा व्हावा. वसतिगृहातील मुलांना शिकविले, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली, वधूवर-मेळाव्यात राबले, की ठरावीक मान पदरात पडावा. त्याचा हिशेब मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये राहावा. ज्याच्यापाशी तो अधिक, त्याला मंगल कार्यालय सवलतीने मिळावे आणि त्याच्या मुलांना वसतिगृहात प्रथम जागा मिळावी. म्हणजे रुपयाच्या जोडीला आणखी एक चलन निघावे आणि त्याची टाकसाळ आपले मंडळ असावे.

ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्या मुळाशी एक खरे दुःख आहे. आपल्या सभागृहाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत आणि त्या असाव्यातही. परंतु गावाहून मुंबईस उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला महिना महिना डबा पोहोचविणाऱ्या माउलीचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. रुपयाला रुपया तेवढा दिसतो. त्या डब्यातील भाकरी त्याला दिसत नाही. ज्यांची मुले पुण्यास, बंगळूरास किंवा अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, अशा वृद्ध दांपत्यांची घरे आज आपल्या प्रत्येक शाखेत आहेत. त्यांना पैशाची ददात नसते. बँकेत सोबत येणारे, औषध आणून देणारे, दोन घटका बोलत बसणारे माणूस नसते. अशा माणसाला प्रतिष्ठा मिळावी, या हेतूशी माझे कोणतेही भांडण नाही. प्रश्न एवढाच, की मानाचे नाणे पाडल्याने तो हेतू साध्य होईल काय?

कोणत्याही चलनाला तीन कामे करावी लागतात. त्याने वस्तूचे मोल मोजावे, ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावे, आणि आजचे मोल त्याने उद्यासाठी सांभाळून ठेवावे. मानाला ही तिन्ही कामे लावून पाहू. प्रथम मोजणे. आईच्या मायेने एका रुग्णाची सेवा करणारी बाई आणि संमेलनाच्या मांडवात खुर्च्या मांडणारा मुलगा, या दोघांना किती किती मान द्यावयाचा, हे कोणत्या तराजूने ठरवावे? दुसरे, देणे. मी आपल्याला शंभर रुपये दिले तर माझे शंभर कमी होतात. मान दिला तर माझा मान यत्किंचितही घटत नाही. जे दिल्याने सरत नाही त्याची देवघेव कशी व्हावयाची? तिसरे, साठविणे. आणि खरा धोका येथेच आहे; कारण साठविलेला मान पुढच्या पिढीला वारशाने द्यावा, अशी इच्छा माणसाला झाल्याशिवाय राहत नाही.

मान हा जगात कोठेच फिरत नाही, असे मात्र समजू नये. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेस ट्रोब्रिअँड नावाची बेटे आहेत. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने तेथे राहून केलेला अभ्यास १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात ‘कुला’ नावाच्या प्रथेचे वर्णन आहे. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखांची बाहुभूषणे उलट दिशेने. होड्यांतून समुद्र ओलांडून लोक हे अलंकार परस्परांना देतात. कोणीही ते कायमचे ठेवून घेत नाही; काही काळ मिरवावे आणि पुढे द्यावे, हा नियम. नामांकित माळ ज्याच्या हातून गेली त्याची कीर्ती वाढते. त्याच सफरीत खाण्यापिण्याच्या व वापराच्या वस्तूंचा व्यापारही होतो, घासाघीसही होते; परंतु त्या व्यवहाराचे नावच निराळे, ‘गिमवाली’. एखादा कुलाचा व्यवहार गिमवालीसारखा करतो, असे म्हणणे हा तेथे दूषणाचा शब्द आहे. मान आणि बाजार शेजारी शेजारी नांदावेत, पण एकाची वही दुसऱ्यात मिसळू नये, एवढे शहाणपण त्या दर्यावर्दी लोकांना होते.

आपल्याकडेही ते होते. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली तर शेजारी आपापले बैल घेऊन इर्जिकेला येत आणि तो त्यांना जेवू घाली. कोकणात आजही सावडीने लावणी केलेली अनेकांनी पाहिली असेल. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तेथे हिशेब नसे असे नाही, परंतु तो कामाचा हिशेब असे. कोणाची योग्यता किती, याचा नसे.

याउलट जेथे योग्यतेचाच हिशेब ठेवला गेला तेथे काय घडले? कोरी डॉक्टरो या लेखकाने २००३ साली एका कादंबरीत अशी सृष्टी कल्पिली, की तेथे पैसा नाहीसा झाला असून लोकांच्या मनातील आदर, ज्याला त्याने ‘व्हफी’ म्हटले आहे, हेच चलन आहे. अनेक वाचकांना ती मोहक वाटली. परंतु त्या आदरावरही मूठभरांचीच सत्ता चालते, हे त्या कथेतच दिसते. आणि पुढे २०१६ साली लेखकाने स्वतंत्र लेख लिहून बजावले, की लौकिकाच्या चलनात विषमता पैशाहूनही वाईट होते. कारण उघड आहे. ज्याचे नाव आहे त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते, लक्ष गेले की नाव वाढते, आणि ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही त्याने कितीही राबावे, त्याचे खाते रितेच राहते.

ही झाली कादंबरी. चीनच्या शानडुंग प्रांतातील रोंगचेंग शहरात २०१४ च्या सुमारास प्रत्येक रहिवाशाच्या नावे १,००० गुणांनी खाते उघडण्याचा प्रयोग सुरू झाला. स्वयंसेवा केली की गुण वाढत, वाहतुकीचा नियम मोडला की घटत. गुणांवरून माणसाची श्रेणी ठरे आणि श्रेणीवरून सवलती मिळत. रस्ते अधिक शिस्तीचे झाले, असे सांगणारे रहिवासीही होते. तरीही एक प्रश्न उरतोच: लेखणी कोणाच्या हाती? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयासंबंधी हीच शंका घेतली होती. सरकारच्या मर्जीनुसार हवे तितके रुपये पाडण्यास वाव राहिला तर चलनाचे मोल स्थिर राहणार नाही, हे त्यांनी सविस्तर दाखविले. रुपयासंबंधी जे खरे ते मानासंबंधी शतपटीने खरे आहे. उद्या आपल्या कार्यकारिणीतील पाच-सात जणांच्या हाती मानाची टाकसाळ दिली, तर निवडणुकीच्या वर्षी किती मान पाडला जाईल, हे मी सांगावयास नको.

बंधुभगिनींनो, आता जे बोलणार आहे ते कदाचित कटू वाटेल. परंतु ज्ञातीच्या व्यासपीठावर ते बोलले नाही तर ही चर्चा अपुरी राहील. मानाचे चलन ही नवी कल्पना नाही. आपल्या देशात ते शतकानुशतके चालले, आणि त्याचे नाव जातिव्यवस्था. कोणी कोठे बसावे, कोणी कोणत्या विहिरीचे पाणी भरावे, कोणाचा टिळा आधी, कोणाच्या हातचे चालते, हे सारे त्या चलनाचे दर होते. त्यात काहींची खाती जन्मतः भरलेली आणि काहींची जन्मतः दिवाळखोर. श्रम करून ते खाते कधी भरता येत नसे. ज्या विद्वानाने लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळविली आणि रुपयाच्या समस्येवर ग्रंथ लिहिला, त्यालाच अवघ्या चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. याहून मोठा पुरावा कोणता हवा? आपल्या ज्ञातीनेही या व्यवहारात कोणाकडून मान वसूल केला आणि कोणाला नाकारला, याचा ताळेबंद प्रत्येकाने आपल्या मनाशी मांडावा.

आणि हे केवळ जातीजातींतच नव्हते, घरातही होते. लग्नातील मानपानाच्या याद्यांनी किती वधूपित्यांना कर्जात लोटले! विहिणीचे मानाचे लुगडे कमी प्रतीचे निघाले म्हणून मुलीने वर्षानुवर्षे टोमणे ऐकले. ज्या विधवेने कुटुंबाला जन्मभर वाढून घातले तिला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसविले. मान ही मोजावयाची व अडवून धरावयाची वस्तू झाली की तिचा असा शेवट होतो.

मग त्या तरुणांची सूचना फेटाळावी काय? माझे मत तसे नाही. तिच्यातील मान काढून वेळ ठेवावा. या मार्गाने गेलेले लोक आहेत. जपानमध्ये ओसाका येथे तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ साली स्त्रियांची एक श्रमपेढी स्थापन केली. एकमेकींच्या घरी कामास जावे, तास जमा करावेत आणि आपल्या अडचणीच्या काळी ते परत घ्यावेत, अशी तिची घडी होती. पुढे त्याच देशात ‘फुरेआइ किप्पु’ नावाने वृद्धसेवेच्या तासांची व्यवस्था वाढली. काही संस्थांत तर दूर राहणारा मुलगा आपल्या गावातील वृद्धाची सेवा करून मिळविलेले तास आपल्या आईवडिलांच्या खाती पाठवू शके. अमेरिकेत एडगर काह्न या कायदेपंडिताला १९८० साली हृदयविकाराचा झटका आला. सक्तीच्या विश्रांतीत, आपण कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही या वेदनेतून त्याने ‘काल-डॉलर’ची कल्पना काढली. तिचा मुख्य नियम एकच: वकिलाचा एक तास आणि झाडणाऱ्याचा एक तास, दोन्ही समान. मला हा नियम त्या कल्पनेचा प्राण वाटतो. तास मोजले गेले, माणूस मोजला गेला नाही. म्हणूनच माणसाचा मान राहिला.

या योजनांतही अडचणी आल्या. वह्या सांभाळण्यास चिकाटीचे माणूस लागते. आणि अनेक लोक सेवा करण्यास तत्पर असतात, मागण्यास मात्र संकोचतात, त्यामुळे तास पडून राहतात. हे ध्यानात घेऊन मी कार्यकारिणीपुढे पुढील विचार ठेवतो. वहीत केवळ तास लिहावेत, आणि सर्वांचा तास सारखाच धरावा. रांधणे, वाढणे, रुग्णाजवळ बसणे हेही त्यात यावे. कोणाचे किती तास झाले याची यादी फलकावर लावू नये आणि स्मरणिकेत छापू नये. वसतिगृहातील जागा, शिष्यवृत्ती आणि मंगल कार्यालय यांचा तासांशी काडीचा संबंध नसावा. ज्या विद्यार्थ्याचे आईवडील मोलमजुरी करतात त्यांना समाजसेवेला सवड कोठून मिळणार? वृद्ध, रुग्ण व अपंग यांनी एकही तास न मिळविता मागण्याचा हक्क असावा. तास वारशाने जाऊ नयेत. ठरावीक मुदतीनंतर ते समाईक खात्यात जमा व्हावेत. आणि शेवटचे, पण माझ्या दृष्टीने पहिले: ही वही ज्ञातीपुरती बंद ठेवू नये. आपल्या आजीला औषध आणून देणारा शेजारचा मुलगा कोणत्या जातीचा, हे त्या औषधाला ठाऊक नसते.

प्रथम एका शाखेत एक वर्ष हा प्रयोग करावा, एका साध्या वहीने करावा, आणि पुढील वार्षिक सभेत त्याचा ताळेबंद मांडावा. अ‍ॅपचे त्यानंतर पाहता येईल.

आणि मान? तो द्यावयाचा असेल तर आजच देता येतो. त्याला टाकसाळ लागत नाही. आपल्या भोजनगृहात या क्षणी ज्या भगिनी व जे आचारी राबत आहेत, त्यांची पंगत आज आपल्या आधी बसावी आणि आपण, विशेषतः व्यासपीठावरील मंडळींनी, वाढावयास उभे राहावे, अशी अध्यक्षमहाशयांच्या अनुमतीने मी विनंती करतो.