हुकुमाचा कागद हाताशी असू द्या
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या सभांतून नेहमी विचारला जातो. नोकरी, मानमरातब, समाजाची उन्नती अशी त्याची उत्तरेही नेहमी दिली जातात आणि ती खरीच आहेत. आज मी त्यात एका लहानशा उत्तराची भर घालणार आहे. छळ सोसणाऱ्या एखाद्या बाईला न्यायालयाने संरक्षण दिले असेल, तर तो हुकूम वाचता येणे, जपता येणे आणि वेळेला पुढे करता येणे हाही शिक्षणाचाच उपयोग आहे. विषय नाजूक आहे याची मला जाणीव आहे. पण झाकून ठेवल्याने दुखणे बरे होत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे. मारहाण तर त्यात येतेच, पण शिवीगाळ, अपमान, खर्चाला पैसे न देणे, तिचे दागिने किंवा सामान अडकवून ठेवणे हेही येते. पीडित स्त्री स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारणतः ३ दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. निकड असेल तर समोरच्याचे ऐकण्यापूर्वीच अंतरिम आदेशही देता येतो.

कलम १८ खालच्या संरक्षण आदेशाने, हिंसा करू नये, तिच्या कामाच्या जागी जाऊ नये, फोन किंवा चिठ्ठीने तिच्याशी संपर्क साधू नये, तिच्या नातलगांना त्रास देऊ नये, असे बजावता येते. कलम १९ खालच्या आदेशाने तिला घराबाहेर काढण्यास मनाई करता येते. ही सारी माहिती आपण वर्तमानपत्रांतून वाचलेली असेल. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. हुकूम मिळाल्यावर त्या कागदाचे काय होते?

बहुतेक घरांत तो कागद ट्रंकेत जातो. निकाहनामा, रेशन कार्ड, मुलांचे दाखले यांच्याखाली जाऊन बसतो. ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तो माणूस मात्र ट्रंक उघडेपर्यंत थांबत नाही. तो रात्री दारावर येतो, बाजारात गाठतो, कामावरून सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभा राहतो. पोलीस आले तर तो म्हणतो, "साहेब, ही माझी बायको आहे, घरातली भांडणे आहेत." त्या क्षणी बाईच्या हाती काही नसेल, तर पोलिसासमोर उरतात ती फक्त दोन माणसांची तोंडे.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. ज्या न्यायालयाकडे अर्ज केला, त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही ती जाते. आता समजा, चिपळूणच्या न्यायालयाने आदेश दिला आणि ती बाई मुले घेऊन मुंब्र्याला भावाकडे राहायला आली. कलम २७ प्रमाणे तो आदेश साऱ्या भारतात चालतो, मुंब्र्यातही चालतो. पण प्रत गेली आहे चिपळूणच्या पोलीस ठाण्यात. मुंब्र्याच्या ठाण्याला त्याची खबर असेलच असे नाही. हुकूम देशभर चालतो, पण तो आपल्या पायांनी चालत जात नाही. त्याला कोणीतरी न्यावे लागते.

हीच अडचण परदेशातही आली. अमेरिकेत १९९४ च्या केंद्रीय कायद्यामुळे एका राज्याचा संरक्षण आदेश दुसऱ्या राज्याने मानणे बंधनकारक झाले. तरी अनेक पानांचा आदेश बाई रोज जवळ कशी बाळगणार? म्हणून मोंटाना राज्याने 'होप कार्ड', म्हणजे आशेचे कार्ड, काढले. ते खिशात मावते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. कोणाविरुद्ध आदेश आहे, त्या माणसाची ओळख, कोणाला संरक्षण आहे, हे त्यावर थोडक्यात छापलेले असते. आयडाहो, इंडियाना अशा इतर राज्यांनीही ही पद्धत घेतली. कार्ड म्हणजे आदेश नव्हे. पण ते पाहून पोलिसाला मूळ आदेशाची खात्री चटकन करून घेता येते.

आपल्याकडे असे सरकारी कार्ड नाही. पण त्यामागची युक्ती आपण घरच्या घरी वापरू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. घरात लिहिता-वाचता येणारे एक मूल पुरे.

पहिली गोष्ट, न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि घरी येण्यापूर्वी वाचून पाहावी. न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, तारीख, दोघांची नावे, पत्ता आणि कशाची मनाई आहे, हे सारे त्यात बरोबर आले आहे ना? आदेश अंतरिम असेल तर पुढची तारीख कोणती? न्यायालयात पुढे फेरबदल झाला, तर नवी प्रत घ्यावी. जुना कागद दाखवल्याने घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या घरांत ही अडचण फार. निकाहनाम्यात एक नाव, आधार कार्डावर दुसरे, माहेरच्या दाखल्यावर तिसरे. आदेशातली बाई ती हीच का, असा प्रश्न मग उभा राहतो. म्हणून अर्ज लिहितानाच दोन्ही नावे 'उर्फ' घालून लिहावीत आणि आदेशाच्या प्रतीसोबत ओळखपत्राची प्रत ठेवावी.

तिसरी गोष्ट, एक प्रत घरी, एक विश्वासाच्या नातलगाकडे आणि एक घडी करून प्लास्टिकच्या पाकिटात पर्समध्ये. सोबत एका चिठ्ठीवर प्रकरण क्रमांक, सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक, संरक्षण अधिकाऱ्यांचा आणि वकिलांचा फोन लिहून ठेवावा. मोबाईलमध्ये फोटो जरूर काढावा, पण तो मोबाईल नवऱ्याच्या हाती पडणारा नसावा. आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नये. त्यात तिचा पत्ता असतो.

चौथी गोष्ट, राहण्याची जागा बदलली की नव्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्जासह प्रत द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच मिळालेला तो कागदही जपावा.

पाचवी गोष्ट आम्हा शिक्षकांशी संबंधित आहे. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे दिलेला असेल, तर त्याची प्रत शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावी. कागद नसेल तर मुलाला न्यायला आलेल्या वडिलांना शाळा कोणत्या आधारावर अडवणार? बायांनो, यात लाज कसली? शाळेने अशी गोष्ट गुप्त ठेवली पाहिजे आणि ते आमचे कर्तव्य आहे.

आदेश मोडला गेला तर काय? संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडणे हा कलम ३१ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पोलिसांकडे, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. संरक्षण अधिकाऱ्यांना दिलेली तक्रार लेखी व सहीची असावी लागते, आणि ते ती आदेशाच्या प्रतीसह न्यायालयाकडे पाठवतात. म्हणजे पुन्हा गरज लागते ती त्याच कागदाची. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय घडले, कोणी पाहिले, हे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे. तातडीला ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक आहे. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर विचारावे.

आणखी एक वाक्य दारात हमखास ऐकू येते : "मी तलाक दिला आहे, आता तो हुकूम संपला." असे कोणाच्या बोलण्याने आदेश संपत नाही. संरक्षण आदेश, ती स्त्री स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करीपर्यंत चालतो, किंवा परिस्थिती बदलल्याची खात्री पटल्यावर न्यायदंडाधिकारी तो बदलतात वा रद्द करतात. विवाह संपला तरी आधी झालेल्या हिंसाचाराबद्दल या कायद्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईच्या एका मुस्लिम महिलेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मुलांच्या आई-वडिलांनाही दोन शब्द सांगतो. तुमच्या मुलाविरुद्ध असा आदेश झाला आणि तो चुकीचा वाटला, तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. तो मार्ग सरळ आहे. चार माणसे घेऊन सुनेच्या माहेरी जाणे आणि "कागद फाडून टाक" म्हणणे हा मार्ग नव्हे. त्याने मुलगा तुरुंगात जाईल आणि घर जुळण्याची उरलीसुरली आशाही जाईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात एखादी खाला, एखादी आपा कागद घेऊन येईल आणि म्हणेल, "बेटा, यात काय लिहिलंय बघ." तेव्हा तो कागद नीट वाचा. सोप्या मराठीत किंवा तिच्या बोलीत समजावून सांगा. तारखा वहीत लिहून द्या, झेरॉक्स काढून आणा. आणि तिने सांगितलेले दुसऱ्या कोणाच्या कानावर घालू नका. निवाडा करणे तुमचे काम नाही, तो न्यायालयाने केलेला आहे. झालेला निवाडा तिच्या हाती राहील एवढे पाहणे मात्र तुम्हाला सहज जमेल.