फॉरमॅट मारण्याआधी

परवा सकाळी शेजारचे मास्तर दारात उभे. "कर्नलसाहेब, कॉम्प्युटर गेला हो!"

जाऊन पाहिलं. काळा पडदा आणि वर इंग्रजीत एकच ओळ, सुरू करता येईल असं काही सापडत नाही. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता, फॉरमॅट मारावा लागेल. मास्तरांचा आवाज त्यामुळेच बसला होता. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे सगळे फोटो याच मशिनमध्ये, दुसरी प्रत नाही.

मी विचारलं, "नवीन काय जोडलंत?" म्हणाले, "काही नाही." जरा वेळाने आठवलं, "फोटोंची प्रत काढायला काल एक हार्ड डिस्क आणली." ती मागे यूएसबीत खोचलेलीच होती!

आता आत काय घडतं ते बघा. बटण दाबलं की विंडोज लगेच येत नाही. आधी मदरबोर्डवरचं बायोस जागं होतं, जोडलेल्या उपकरणांची हजेरी घेतं. आमच्या भाषेत सकाळचा फॉलइन. मग विंडोज कुठून उचलायचं, ते ठरलेल्या क्रमाने शोधतं. त्या क्रमात यूएसबी वर असेल, तर काही मशिन नव्या डिस्कपाशीच अडून बसतात. आतली डिस्क ठणठणीत असते, पण तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

म्हणून मशिन पूर्ण बंद करा, नवी वस्तू काढा, पुन्हा सुरू करा. मास्तरांचं तेवढ्यावर सुरू झालं. मग बायोसमध्ये शिरून आतली डिस्क पहिल्या नंबरावर आणायची. त्यासाठी सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबतात, मशिनप्रमाणे फरक पडतो. पण त्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर या बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती कागदावर उतरवलेली हवी. मास्तरांकडे बिटलॉकर नव्हतं.

विंडोजचं चिन्ह येऊन मग अडकत असेल, तर संशय ड्रायव्हरवर. वस्तू काढून सेफ मोडमध्ये जा आणि तिचा ड्रायव्हर काढून टाका. डिस्क नुसतीच टकटक करत असेल, तर वीज पुरत नसेल, यूएसबी २.० चं साधं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं. मधला हब काढून थेट मशिनला जोडा.

मास्तरांची डिस्क आम्ही विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर लावली. कॉपीची हिरवी पट्टी शेवटाला टेकेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत. चहा तसाच निवला.