कर्ज काढण्याआधी लाइटबिल काढा
(संघाच्या मासिक सभेतील भाषण)

मागच्या सभेत काही जणींनी विचारलं, घरावर सोलर बसवायला गटातून कर्ज घ्यावं का? त्याचंच आज बोलते. पण आधी देशाचं बघू, म्हणजे घरचं नीट कळेल.

जानेवारी २०२५ अखेर आपल्या देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॉटवर गेली. ऊन, वारा, पाणी, उसाचं चिपाड अशा सगळ्या अक्षय साधनांच्या क्षमतेत जवळपास निम्मा वाटा एकट्या उन्हाचा. ऐकायला छान वाटतं. पण क्षमता वेगळी आणि हातात पडणारी वीज वेगळी. पवनचक्की रात्रीही फिरते, धरणाचं पाणी हवं तेव्हा सोडता येतं. पॅनल मात्र दिवेलागणीला झोपतं, आणि आपले दिवे, टीव्ही, मिक्सर तेव्हाच सुरू होतात. रात्रीसाठी वीज साठवायची तर मोठ्या बॅटऱ्या हव्यात. नाहीतर आपल्या घाटघरसारखं, जादा विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. तशी सोय अजून कमी. म्हणून देशातली बहुतेक वीज आजही कोळशाचीच आहे.

मग दिवसाची कामं दिवसाच्या विजेवर नेणं हेच शहाणपण. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, शेतपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्री दारं धरायला गेलेला माणूस परत येईपर्यंत आपल्यापैकी किती जणी जाग्या राहिल्यात! साप, बिबट्या, काय काय मनात येतं.

आता घराचं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान आहे. १ किलोवॉटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. दिवसाची जादा वीज लाइनीत जाते आणि बिलातून वजा होते. ज्यांचा वापरच ५० युनिटांचा आहे, त्यांनी घाई करू नये, असं मला वाटतं.

आणि एक. आमच्याकडे सोलर बसलं, तेव्हा विकणाऱ्यानं हे सांगितलंच नाही. भर दुपारी लाइट गेली, मी शेजारणीला म्हटलं, आमच्याकडे पंख्याखाली बस. बघते तर आमचाही पंखा बंद! बॅटरी नसलेलं सोलर लाइनीबरोबरच बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं.

गिरणीवाल्या गटांनो, हे अनुदान घरासाठी आहे, धंद्याला नाही. पण गिरणी आणि मसाला कांडप दिवसाच चालतं, त्यामुळे तुमचा हिशोब वेगळा मांडू. पुढच्या सभेला प्रत्येकीनं वर्षाची १२ बिलं घेऊन या. कर्जाचा अर्ज त्यानंतर.