नळी एकाची, चाप दुसऱ्याचा

चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी वस्तुसंग्रहालयात तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातील शस्त्रे ठेविली आहेत. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि पुढे ही शस्त्रे मद्रासेस आली. त्यांतील पुष्कळशी मोडीत निघाली. निवडक तेवढी उरली. मराठी प्रवासी ती आवर्जून पाहावयास जातो आणि बहुधा मुठींवरील नक्षीची वाखाणणी करून परततो. पण तेथील कित्येक कट्यारींची पाती तंजावरची नव्हेत; ती युरोपांतून आलेली आहेत. मूठ आपल्या कारागिराची, पाते फिरंग्याचे! जेथले जे उत्तम, ते घ्यावे व एकत्र जुळवावे, असा हा रोकडा हिशेब होता.

बंदुकीच्या बाबतीत मात्र हा हिशेब जिवाशी येऊन भिडतो. पाते तुटले तर हात रिकामा होतो. नळी फुटली तर हातच जातो.

आपल्याकडील नळी बहुधा लोखंडाची पट्टी तापवून, पिळासारखी गुंडाळून व ठोकून सांधलेली असे. विलायतेतील साध्या लष्करी बंदुकीची नळी पत्रा लांबीच्या दिशेने वळवून एका सरळ सांध्याने जोडीत. दारूचा जोर नळीला आडवा फाडू पाहतो; सरळ सांधा नेमका त्या जोराच्या तोंडी येतो, पिळाचा सांधा येत नाही. शिवाय देशी नळी जाड, लांब आणि अरुंद भोकाची असे. तोड्याच्या बंदुकीची गोळी आमच्या बंदुकीहून दूर जाते, असे इंग्रज अधिकाऱ्यांनीच नमूद केले आहे. कंपनीच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची व भोक पाऊण इंचाचे. गोळी सैल बसे, त्यामुळे भरावयास सोपी, पण नेमास कच्ची.

मग सरशी कोणाची? येथे चाप मध्ये येतो. तोड्याच्या बंदुकीस सतत पेटती वात लागे. पावसाची सर आली की वात विझली, आणि रात्री तिचा निखारा शत्रूला ठिकाण सांगे. चकमकीच्या चापास निखाऱ्याची गरज नव्हती. कवायती शिपाई मिनिटास सुमारे तीन बार काढी. पण त्या चापाचा प्राण म्हणजे त्याची कमान. ती पोलादाची, नेमके पाणी दिलेली हवी. मऊ राहिली तर ठिणगी पडत नाही, कडक झाली तर मोडते. म्हणूनच देशी नळीवर विलायती चाप बसविलेल्या बंदुका हिंदुस्थानात ठिकठिकाणी आढळतात. मला हा जोड मोठा शहाणपणाचा वाटतो. पण कमान मोडली की तो संपला, कारण दुसरी कमान समुद्रापलीकडे!

जुळवाजुळवीची अडचण खुद्द इंग्रजांनाही चुकली नव्हती. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल घ्या. नळीत तीन आटे, भोक इंचाचे ५७७ सहस्रांश. एन्फील्डच्या सरकारी कारखान्याने अमेरिकेहून यंत्रे आणली, तेव्हा तेथे घडलेल्या एका रायफलीचा भाग दुसरीस बसू लागला. परंतु त्याच नमुन्यावर बर्मिंगहॅमचे कारागीर हाताने कानस मारून भाग जुळवीत. त्यांचा चाप शेजारच्या रायफलीसही बसेल याची शाश्वती नसे. नमुना एक, घडण दोन.

आणि १८५७ नंतर काय झाले पाहा! हिंदी पलटणींना बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी बंदूक मिळाली, पण तिच्या नळीत आटे नव्हते. दूरचा नेम साधणारी नळी गोऱ्या शिपायाच्या हाती राहिली. एवढा अविश्वास एका गुळगुळीत भोकात मावला!

अशी जुनी बंदूक कोठे दृष्टीस पडली, तर दस्त्यावरील पितळेकडे न पाहता आधी चापाची पट्टी वाचावी. ‘एन्फील्ड’ असे कोरलेले असेल तर ती सरकारी कारखान्याची; ‘टॉवर’ असेल तर बहुधा खाजगी कारागिरांची. मग, पहारेकऱ्याची हरकत नसल्यास, वाकून नळीच्या तोंडात डोकवावे आणि आत आटे आहेत की नाहीत ते पाहावे.