नाताळात सेविकांनीही बसायचं

नाताळ आपल्याला परका नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मुली-बायकांना आसरा दिला, तो आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावला. आता आपल्या शिरूर-दौंडच्या कितीतरी जणी वृद्धाश्रमात, नर्सिंग होममध्ये कामाला जातात. तिथे नाताळची पार्टी होते, पण मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्याच! म्हणून आम्ही गटात बसून काही गोष्टी ठरवल्या, त्या ऐका.

पार्टी पाळी बदलते त्या वेळेला ठेवा, म्हणजे दिवसपाळी-रात्रपाळी दोन्ही सापडतात. आजाऱ्यांच्या घंटेपाशी पंधरा-पंधरा मिनिटं आळीपाळीने एकेकीने थांबायचं. खेळ बसूनच. टाळ वाजेल तोवर उशी पुढे द्यायची. टाळ थांबला की जिच्या हातात उशी, तिने उखाणा घ्यायचा. परीक्षक आज्या! डीजे नको, आजाऱ्यांना त्रास होतो. रेव्हरंड टिळकांची मराठी ख्रिस्ती भजनं म्हणा, आज्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा.

आणि शेवटचं. त्या दिवशी ताटं डॉक्टरांनी, मॅनेजरांनी वाढायची आणि सेविकांनी आधी जेवायचं. हे आपणच आधी जाऊन सांगायचं, सगळ्या मिळून. एकटीने मागितलं तर तक्रार वाटते, गटाने मागितलं तर रीत पडते.