तूप बंद करू का?



टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आईवडील येतात. ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा वाढलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, याचं तूप बंद करू का?" मी आधी विचारतो, इन्सुलिनचे डोस चुकलेत का? तुपाच्या आधी इन्सुलिनची चौकशी का करायची, हाच आज माझा विषय आहे.

इन्सुलिन साखर उतरवते, एवढेच आपल्याला माहीत असते. पण शरीरातल्या चरबीवरही त्याचीच हुकमत चालते. अंगावरची चरबी म्हणजे भरून ठेवलेली कणगी, आणि तिचे तोंड बंद ठेवते ते इन्सुलिन. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन संपते, कणगीचे तोंड उघडे पडते आणि फॅटी ॲसिडचा लोंढा यकृताकडे धावतो. यकृत त्यातल्या काहींचे कीटोन करते आणि काहींचे ट्रायग्लिसराइड करून पुन्हा रक्तात सोडते. ते रक्तातून उचलून स्नायूंना आणि मेदपेशींना पोचवण्याचे काम लायपोप्रोटीन लायपेज हे विकर करते. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर बसलेले हे विकरही इन्सुलिनशिवाय मंदावते. आवक वाढते आणि उचल घटते.

म्हणून कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात कीटोन साचून आम्लता वाढल्यावर, दाखल झालेल्या एखाद्या मुलाचे रक्त नळीत स्थिर ठेवले, तर वरचा द्रव दुधाळ दिसतो. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत असावे, ते हजाराच्या वर गेलेले असते. अशा नमुन्यात काही यंत्रांवर सोडियमही खोटे कमी दिसते. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो तो वेगळाच. त्या मुलाला दोन दिवस उलट्या होत असतात आणि पोटात पाणी ठरत नसते. मग एवढी चरबी आली कुठून? बरीचशी त्याच्या स्वतःच्या शरीरातून. शिरेतून इन्सुलिन सुरू झाले की कणगीचे तोंड लगेच मिटते. लायपेजला पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो, पण काही दिवसांत तो दुधाळपणा ओसरतो. चरबीसाठी वेगळी गोळी बहुतेक वेळा लागत नाही.

हे इन्सुलिन मुळात मिळाले कधी? 11 जानेवारी 1922 रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून जेमतेम जगवत. ती मुले जगू लागली, मोठी झाली आणि मग डॉक्टरांपुढे नवा प्रश्न आला: यांच्या रक्तवाहिन्या इतक्या लवकर का खराब होतात?

त्याचे भक्कम उत्तर मिळायला फार वर्षे गेली. अमेरिका आणि कॅनडातल्या 1441 रुग्णांवर 1983 ते 1993 या काळात डीसीसीटी हा मोठा अभ्यास झाला. एका गटाला दिवसातून एकदोन इंजेक्शने दिली. दुसऱ्याला तीन किंवा अधिक, अथवा पंप, आणि घरच्या घरी साखर वारंवार तपासणे. या काटेकोर उपचाराच्या गटात एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, 160 च्या वर जाण्याचे प्रमाण 34 टक्क्यांनी कमी राहिले. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात काटेकोर गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या घटना 42 टक्क्यांनी कमी आढळल्या. ही सगळी किमया चरबीची आहे असे मी म्हणणार नाही. साखरेचा वाटा मोठा आहे. पण सुरुवातीची वर्षे वाया घालवू नयेत, हे मला त्यातून कळते.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच वर्षांत काटेकोर गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 4.6 किलोने अधिक वाढले. ज्यांचे फारच वाढले, त्यांच्यात ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल पुन्हा चढले. म्हणून डोस वाढवताना वजनकाट्याकडे बघणे मी सोडत नाही.

आता एक कोडे. चांगल्या नियंत्रणातल्या टाइप वन रुग्णाचा रिपोर्ट पुष्कळदा निरोगी माणसासारखा असतो. एचडीएल, म्हणजे हितकारक कोलेस्टेरॉल, तर काहींचे अधिकच भरते. याचे कारण बहुधा इन्सुलिनच्या वाटेत आहे. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि जवळपास निम्मे तिथेच खर्ची पडते. टोचलेले इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरते, त्यामुळे स्नायू आणि चरबीजवळच्या लायपेजला ते जास्त मिळते. पेगलिस्प्रो नावाचे, मुख्यतः यकृतावर काम करणारे इन्सुलिन तयार झाले, तेव्हा या तर्काची जणू परीक्षाच झाली. साखर नीट राहिली, पण ट्रायग्लिसराइड वाढले, यकृतातली चरबीही वाढली. 2015 मध्ये इलाय लिली कंपनीने ते औषध सोडून दिले.

पण सुंदर रिपोर्टवर विसंबू नका. टाइप वनमध्ये एचडीएलचा आकडा चांगला असूनही त्याचे संरक्षण कमी पडू शकते. चाळिशीनंतर एलडीएल फार नसले तरी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुचवतात, कारण मधुमेहामुळेच हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो.

तर तुपाचे काय? घरच्या इतरांइतके, बेताचे तूप मुलानेही खावे. निदान नवे असेल तर साखर थोडी स्थिरावू द्या आणि मगच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा, नाहीतर भलताच आकडा बघून घर घाबरते. कोणी काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडायला सांगितले तर ऐकू नका. आणि मूल आजारी पडून जेवत नसेल, तर "खाल्लं नाही, मग इंजेक्शन कशाला" असे म्हणून ते बंद करू नका. जेवणापुरता डोस डॉक्टरांना विचारून कमी करता येईल, पण दिवसभर काम करणारे लांब पल्ल्याचे इन्सुलिन चालूच ठेवायचे, कीटोन तपासायचे, आणि उलट्या थांबत नसतील तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा.